आपल्या घरात डोकं दुखत नाही

रोपवेच्या वरच्या स्टेशनावर आयुष्य काढलेल्या या माणसाला सगळे 'वरचे फिटर' म्हणत. वडीलही तिथेच फिटर होते, आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: आपल्या घरात डोकं दुखत नाही. त्या विरळ हवेत नवे कामगार उलट्या करत, डोकं धरून बसत. फिटरच्या घरचे मात्र घोटभर पाणी पिऊन पान्याला हात घालत. काय मिजास होती त्या वाक्याची!

आता फिटरचे गुडघे बोलायला लागले होते. सकाळी बोटं मिटत नसत. थकवा म्हणाल तर हाडात मुरलेला. पण त्याने काम सोडल्यावर घरातलं कोणी कामाला लागलं तरच कंपनीची पायथ्याची खोली राहणार, असा नियम. म्हणून मुलीने तीच नोकरी धरली तेव्हा त्याला हायसं वाटलं. पोरगी त्याच्याहून दणकट, हातात कसब. आता सुटलो बाई, असं तो बायकोला म्हणाला.

मुलगी कामासाठी वर राहायला आली आणि दुसऱ्याच दुपारी चाकांच्या खोलीत कठडा धरून चालताना दिसली. विचारलं तर काही नाही म्हणाली. पाना मात्र नटाच्या शेजारीच लावत राहिली. फिटरने तिच्या हातातला पाना काढून घेतला. त्याचा थोरला भाऊ इथे कामाला असताना असाच भिंत धरून चालला होता. झोप, उद्या बरं वाटेल, असं वडिलांनी त्याला सांगितलं. तो उठलाच नाही. घरात पुढे एवढंच बोललं गेलं, की त्याने सर्दी अंगावर काढली.

फिटरने तिला झोपू दिलं नाही. ट्रॉली मागवली आणि कंबरेला धरून खाली आणलं.

खालच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. म्हणाल्या, याचा दणकटपणाशी काही संबंध नाही. कोणाला उंची मानवते, कोणाला नाही. त्यातलं बरंच जन्मतःच येतं, आणि सख्खी भावंडंही सारखी निघत नाहीत. आधी कळेल अशी खात्रीची तपासणी नाही, म्हणून घरात कोणाला झालं होतं का ते विचारायचं. फिटरला वाटलं, विचारलं असतं तरी सांगणार कोण होतं?

संध्याकाळपर्यंत मुलगी सावरली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "कालपासूनच दुखत होतं, बाबा. मी नाव घालवलं घराचं."

"तू काकावर गेलीस," तो म्हणाला, आणि काकाचं सगळं सांगितलं. सांगून तो आणखीच थकला.

मुलीला आता वरचं काम जमणार नव्हतं. तिच्यासाठी काढलेली सुट्टी संपली तशी त्याने पुन्हा हत्यारांची पिशवी उचलली. खोलीचं काय, ते गुडघे चालतील तोवर बघू. मुलगी सोडायला स्टेशनावर आली.

"तुमचं खरंच कधी दुखलं नाही?"

"दुखतं की. वर गेलो की दर वेळी दुखतं." तो ट्रॉलीत बसला. "माझं थोडक्यात निभावतं, काकाचं नाही निभावलं. त्यात माझी कसली मर्दुमकी?"

मुलीने बाहेरून ट्रॉलीच्या दाराची कडी लावली.