प्रागच्या चौकातून मी काय आणलं

आमच्या ह्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा भोरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पोराला बोलवून घ्या." पोरगा प्रागला, तिकडं युरोपात. फोनवर नुसतं "बघू, बघू." शेवटी हेच म्हणाले, "तू जा आन घिऊन ये त्याला." नणंदेला आंबवड्याच्या घरी ह्यांच्यापाशी बसवलं नि निघाले. समोर उभी राहिले तर नाही कसा म्हणेल, असं वाटलं. काय खुळी मी!

पोरानं पहिल्याच रविवारी जुन्या चौकात नेलं. मी विषय काढला की हा बोट दाखवी. ते बघ आई, शेकडो वर्षांचं घड्याळ. तास भरला की वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे शिष्य एकामागून एक सरकतात. बाजूला हाडांचा सापळा घंटा वाजवतो नि बाकीचे पुतळे माना हलवून नाही नाही म्हणतात. सगळा चौक मोबाईल वर धरून उभा. समोर टोकदार मनोऱ्यांचं चर्च, भोवती रंगीत घरं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं सगळं.

घड्याळापासून जवळच फरशीत पांढरे क्रूस बसवलेत. बादशहाविरुद्ध उठलेल्या सरदारांना तिथंच ठार केलं, पोरगा म्हणाला. नि माणसं त्यावरनं आइस्क्रीम खात चाललेली! माझ्या माहेरी, वेल्ह्याकडं, वीरगळापुढनं कुणी पायताण घालून जात नाही. मी बूट काढले, मोजे काढले नि त्या गारठलेल्या फरशीवर वाकून हात जोडले.

"आई, बूट घाल गं. लोक बघतायत."

"बघू देत की! मेल्यांना तुडवून फोटो काढायची त्यांना लाज न्हाई, मी कशाला लाजू? आन तू सांग, बापाला बघायला कधी येतोस?"

तो खाली बसला, माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागला. मान वर न करताच म्हणाला, "कागदपत्रं अडकलीत, आई. आत्ता निघालो तर परत इकडं येता येणार नाही."

म्हणजे इकडं परतणं मोठं! असा संताप आला म्हणून सांगू. पण नाड्या बांधून झाल्या तरी तो उठेना, त्याच गाठी परत परत आवळत बसला. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

घरी आले तर ह्यांनी पहिलं तेच विचारलं, "काय म्हणाला?" मी घड्याळाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सरदारांचं. रोज संध्याकाळी बशीतून चहा पाजताना तो चौक थोडाथोडा पुरवत गेले. ज्यानं घड्याळ केलं त्याचे डोळे म्हणे काढले, दुसऱ्या गावाला असलं करून देऊ नये म्हणून. खरंखोटं देव जाणे, पण तिथं सांगतात. हे म्हणाले, "अरारा, लई वाईट." आणि लगेच, "येतो म्हणाला का?" मग मी मनोरे काढले. एक जरा जाड, एक बारीक. चौक सरेपर्यंत तरी खरं सांगायला नको, एवढंच माझ्या मनात.

पण चौक तो केवढासा! परवा घरांच्या रंगांवर आले होते. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"पुरं त्या चौकाचं. न्हाई येत ना त्यो?"

"न्हाई."

ह्यांनी मनगट सोडलं, बशीतला उरलेला चहा संपवला. मग पेरणीचं बोलावं तशा आवाजात म्हणाले, "मग पुतण्याला सांगून ठेव. अग्नी त्योच दील. ऐनवेळी तुझी धावपळ नको."