बारशाआधीचा पाळणा

आमची लेक अकरा आठवडे आधी आली, तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये, सेंदाईत होतो. तिथल्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. लेक इस्पितळात काचेच्या पेटीत होती. तिचा श्वास मधेच थांबायचा आणि यंत्र ओरडायचं. दर गुरुवारी संगीतोपचार करणाऱ्या एक बाई यायच्या. मांडीवर छोटी हार्प ठेवून बाळाच्या श्वासाकडे बघत हळूच तारा छेडायच्या. मग आईला म्हणायच्या, "आता तुमचं गाणं. पोटात असताना ऐकलेलं."

पोटात असताना मी रोज पाळणा गुणगुणत होते. तेव्हा कुणी अडवलं नव्हतं. पण आता सासूबाईंनी मुंबईहून फोनवर बजावलं होतं, "बारशाआधी पाळणा म्हणायचा नाही हं. आपल्यात चालत नाही." बारसं कधी? बाळ घरी आल्यावर. घरी कधी? ते डॉक्टरही सांगेनात! वर गंमत बघा, इथे जन्माची नोंद चौदा दिवसांत नावासकट करावी लागते, म्हणून नवरा कचेरीत जाऊन नाव लिहून आला होता. पेटीवरही नाव होतं, नर्सही नावापुढे लाडाचं 'चान' लावून हाक मारायच्या. आमच्या घरच्यांच्या लेखी मात्र पोर बिननावाची. आणि मी, शिकली-सवरलेली, तोंड शिवून बसायचे.

तिसऱ्या गुरुवारी शेजारच्या पेटीपाशी एक जपानी आई अंगाई म्हणत होती. माझी लेक कुरकुरत होती, ती तो आवाज ऐकून शांत झाली. दुसरीच्या आईच्या आवाजानं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेरच्या जिन्यात जाऊन मी फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंवर ओरडले, "आई, तुमच्या रीतीपायी मी माझ्याच लेकीला परकी झालेय!"

 त्या म्हणाल्या, "माझी पहिली सातव्या महिन्यातली. मी म्हटला होता गं पाळणा. दहाव्या दिवशी गेली."

हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मला रडू आलं, पण राग त्याहून मोठा होता. घरात एवढी वडीलधारी माणसं, आणि इतक्या वर्षांत या बाईला एकानंही सांगितलं नव्हतं की पोर गाण्यानं गेली नाही. ते मी सांगितलं, तेही ओरडूनच. मग कोपरापर्यंत हात धुतले आणि आत जाऊन पाळणा म्हटला.