वाढवलेली दुकानं

तिला सगळे काजवाली म्हणायचे. नवरा शिंपी, आणि ही त्याच्या सदऱ्यांची काजं करायची. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना भोकं पाडली, असं स्वतःच सांगून हसायची. दुकान खाली, बिऱ्हाड वर. जिना उतरला की काम, चढला की संसार, आणि हुकूम सोडणारा दोन्हीकडे तोच.

त्या रस्त्यावर दुकान 'बंद केलं' असं कोणी म्हणायचं नाही. अशुभ वाटतं. 'वाढवलं' म्हणायचे. संध्याकाळी वाढवायचं, सकाळी उघडायचं. मग छत्रीवाल्याने एकदा वाढवलं ते उघडलंच नाही. त्याच्यामागून रंगारी गेला, मग बटणवाला. बटणवाला वारला तेव्हा त्याच्या घरी तर काजवाली स्वतः भेटायला गेली होती, त्याच्या बायकोजवळ बसून आली होती. शेवटी शिंप्यानेही वाढवलं. खाली मोबाईलवाला आला, त्याला खेटून औषधवाला, आणि मधे बोटभर फट उरली नाही.

हळूहळू शिंप्याला विसर पडू लागला. दुपारी जेवून उठला की टोपी घालायचा. "बटणं घेऊन येतो."

"आणा," ती म्हणायची. तेवढेच पाय मोकळे होतील.

आणि एक दिवस तो खरंच बटणं घेऊन आला. शिंपल्याची, पुठ्ठ्यावर टाचलेली, नवी कोरी.

सून म्हणाली, "आई, जुन्या डब्यातली असतील."

"डब्यातली बटणं स्वतःहून पुठ्ठ्यावर जाऊन बसतात का गं?"

सून पुठ्ठ्याला हात लावायला काही पुढे आली नाही.

पुढे त्याला परतायला उशीर होऊ लागला. आधी चहा निवायचा, मग दिवे लागायचे तरी पत्ता नाही. आला की पाय धुळीने भरलेले, आणि रस्ता तर सिमेंटचा, लख्ख.

"एवढा वेळ होतात तरी कुठे?"

"रस्ता लांब झालाय गं."

"रस्ता कसा लांब होईल?"

"सगळ्यांनी दुकानं वाढवली ना," लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला. "वाढवली की वाढणारच. बटणवाला आता पार पुढे गेलाय."

काजवालीने मनाशी हिशेब केला. म्हणजे एक दिवस रस्ता इतका वाढेल की जाऊन परत यायला दिवस पुरायचा नाही.

"दाराला कुलूप लावू," सून म्हणाली.

"उघड्या दुकानात जन्म गेलेला माणूस तो. कोंडलास तर आतल्या आत निघून जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला, तशी तीही पायात चपला सरकवून मागे निघाली.

मोबाईलवाला मागे पडला. आता औषधवाला यायला हवा होता. आला नाही. शिंपी चालत होता आणि भिंत काही सरत नव्हती. मग खळीचा वास आला, ओल्या रंगाचा आला, आणि भिंतीत दारं दिसू लागली. छत्रीवाला काडी वाकवत बसला होता. रंगारी ओलं कापड पिळत होता, पण खाली थेंब पडत नव्हता. गिऱ्हाईक एकही नाही. नजर जाईल तिथवर दुकानंच दुकानं, सगळ्यांच्या माना खाली, आणि शिंपी झपाझप चाललेला, बायकोबरोबर कधी चालला नाही तसा.

"अहो!" तिने हाक मारली.

छत्रीवाल्याने मान वर केली. रंगाऱ्याने केली. दुकानादुकानातून माना वर झाल्या, लांबच लांब. सगळे कोणा ना कोणाचे अहोच ते. किती वर्षांत ही हाक कानावर पडली नसेल, बघत होते बिचारे आशेने. वळला नाही तो फक्त तिचा.

"अहो, ऐकलंत का!"

आता काही जण उठून उभे राहिले.

शिंप्याचा एक पाय बटणवाल्याच्या उंबऱ्यात होता. लग्न झाल्यापासून तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. अडलंच नव्हतं कधी, घरात दुसरा अहो होता कुठे? आधी नाव नुसतं ओठात आलं. मग उन्हात खेळणाऱ्या पोराला दटावावं तशी ती नाव घेऊन ओरडली.

शिंपी थांबला, वळला. "कोण? आई?"

"आई कसली, मी आहे! पाय मागे घ्या आधी."

त्याने घेतला. तिने जाऊन त्याचं मनगट धरलं. तेवढ्यात आतून बटणवाला हळूच म्हणाला, "वहिनी, मलाही हाक मारा की."

तिने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ह्याचं नाव तिला ठाऊकच नव्हतं. बटणवाला, एवढंच. बटणांचा पुठ्ठा पुढे धरून तो तिच्या ओठांकडे बघत उभा होता. ती नवऱ्याला ओढत जी निघाली, ती औषधवाल्याच्या पायरीला ठेच लागली तेव्हाच थांबली.

आता शिंप्याने टोपीला हात घातला की ती नावाने हाक मारते. सून हसते. तो लाजतो, पण वळतो.

बटणवाल्याची बायको मागच्याच गल्लीत राहते, भाजी घेताना भेटते. तिच्या कानाला लागून नाव विचारणं काही अवघड नाही. काजवाली विचारत नाही. त्या भिंतीजवळून रोज जायचं असतं. नाव ठाऊक असलं तर एखाद्या दिवशी तोंडातून निघून जाईल, आणि हाक मारल्यावर माणूस येतो, हे तिने पाहिलंय.