शनिवारचं पीठ

लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा ढोकळा म्हणजे पिवळा, जाळीदार, वर साखरेचं पाणी शिंपडलेला, एवढंच मला ठाऊक होतं. माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. तिथल्या कॉलनीत कोणाचा वाढदिवस असला की आई पाकिटातलं पीठ आणून तो करायची. पहिल्याच रविवारी मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर सासूबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "त्याले खमण म्हणतात वं," त्या म्हणाल्या. "ढोकळा तांदळाचा असते. तुह्या आईनं तुले काहीच नाही शिकवलं का?"

नवऱ्याचं घर गुजराती, पण तीन पिढ्यांपासून नागपूरचं. आपसात गुजराती, दुकानात हिंदी, आणि मला टोचायचं असलं की सासूबाई अस्सल नागपुरी मराठीवर येत. माझ्या डोक्यावरून एकही शब्द जायला नको, एवढी काळजी त्या घ्यायच्या. त्यांना मी मम्मी म्हणायचे.

मम्मींच्या हातचा ढोकळा फार सुंदर व्हायचा, हे मान्य करायलाच हवं. शनिवारी सकाळी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ भिजत पडायची. दुपारी ते रव्याइतकं जाडसर वाटायचं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्यात आंबट, जरा कोमट ताक घालून हातानं फेटायचं, एकाच दिशेनं, दंड भरून येईपर्यंत, आणि पातेलं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. थंडीत ते मम्मींच्या जुन्या शालीत गुंडाळायचं, नाहीतर पीठ फुगत नाही. रविवारी सकाळी त्यात आलं-मिरची, मीठ, चिमूटभर सोडा आणि गरम तेल घालून थाळीत ओतायचं, वर मिरपूड भुरभुरायची आणि पंधरा मिनिटं वाफ द्यायची. वड्या कापल्या की कच्चं तेल, हिरवी चटणी आणि चहा. सासरे आधीच गेले होते. रामदासपेठेतून नवऱ्याच्या आत्या दर रविवारी यायच्या, आणि आम्ही चौघं मिळून तीन थाळ्या फस्त करायचो.

पीठ फेटायचं काम सुनेचं. एक नियम मात्र होता. पाळीच्या दिवसांत त्या पातेल्याला हात लावायचा नाही, हात लागला की पीठ बसतं. बाकी मम्मी अगदी आधुनिक होत्या. त्या दिवसांत मी फरशी पुसायचे, भांडी घासायचे, पोळ्या लाटायचे, त्यांचे पाय चेपायचे, ते सगळं चालायचं. चालायचे नाहीत फक्त देव्हारा आणि पिठाचं पातेलं. देवाचं मला फार वाटायचं नाही. पातेल्यानं मात्र माझा जीव खाल्ला.

कारण माझी पाळी घड्याळ लावल्यासारखी, बरोब्बर चार आठवड्यांनी, शुक्रवारी यायची. म्हणजे दर चौथ्या शनिवारी पीठ मम्मी फेटायच्या, दुखऱ्या खांद्यानं, मला ऐकू जाईल असं कण्हत. रविवारी आत्या पहिला तुकडा तोंडात टाकायच्या, जरा चघळायच्या आणि विचारायच्या, "आज हात कोणाचा वं?" मम्मी म्हणायच्या, "माझाच. या महिन्यालेही." बस, एवढंच. मग चटणीची वाटी फिरायची. मला दिवस राहिलेले नाहीत, ही बातमी ते लोक दर महिन्याला असे नाश्त्याला खायचे. नवरा मान खाली घालून आणखी चार वड्या वाढून घ्यायचा.

पाच वर्षं हे चाललं. डॉक्टरांना दाखवून झालं, तपासण्या झाल्या. दोघांतही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे दोष कोणाचा ते घरातच ठरवावं लागलं, आणि त्याला फार वेळ लागला नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरातल्या रविवारी आत्यांनी नेहमीचं विचारलं, मम्मींनी नेहमीचं सांगितलं, आणि आत्या हसून म्हणाल्या, "तुमचा खांदा काही रिटायर होत नाही, वहिनी." मम्मीही हसल्या. नवराही हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो हसायचा थांबला, पण हसला होता. त्या क्षणी मी ठरवलं की पुढच्या वेळी पीठ मीच फेटणार, मग ते बसो की सांडो.

चार आठवड्यांनी शुक्रवारी पाळी आली. शनिवारी संध्याकाळी मी काही न बोलता पातेलं ओढलं, ताक ओतलं आणि बाह्या सरसावल्या. मम्मी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी फेटायला लागले. पण त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी झाकण काढलं. पीठ काठापर्यंत आलं होतं, वर बुडबुडे. इतकं छान ते माझ्या हातून त्याआधी कधी फुगलं नव्हतं. आनंद वगैरे झाला नाही, संतापच आला. पाच वर्षं ज्या गोष्टीसाठी मला त्या टेबलाशी बसवून सोललं, तिच्यात काही तथ्यच नव्हतं. ढोकळा कापसासारखा झाला. आत्यांनी हात कोणाचा विचारलं, तर मम्मी म्हणाल्या, "सुनेचा," आणि भलत्याच नरम आवाजात म्हणाल्या.

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते मंगळवारी. मी पाण्याची बादली उचलली तर मम्मी धावत आल्या. "काहून उचलून राहिली वं? ठेव खाली. मी आहे ना!" बुधवारी बदामाचा शिरा आला. गुरुवारी त्यांनी मला खुर्चीत बसवून माझ्या डोक्याला तेल लावलं. मम्मींनी, मला. त्यांना दुसऱ्या पुराव्याची गरजच नव्हती. शनिवार त्यांना तोंडपाठ होते, माझ्या शरीराचे मला नसतील तितके. चौथ्या शनिवारी सुनेनं पीठ फेटलं, याचा त्या घरात एकच अर्थ होत होता.

मी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बदामाचा शिरा मला आवडत होता, आणि त्याहून जास्त आवडत होता त्यांचा तो आवाज. पाच वर्षांत त्या घरात माझ्याशी कोणी तसं बोललं नव्हतं. मी कुठे खोटं बोलले, मी तर नुसतं पीठ फेटलं, असं स्वतःला बजावत मी त्यांच्याकडून लाड करून घेतले. नवऱ्याला खरं ठाऊक होतं. त्याला म्हटलं, काय करू, तर तो म्हणाला, "जाऊ दे ना यार, किती दिवसांनी घरात शांतता आहे." दुपारी जेवण झालं की मम्मी खोलीचं दार लावून घ्यायला लागल्या. मला वाटलं, वय झालं, झोपत असतील.

आणखी चार आठवडे गेले. पाळी शुक्रवारी आली, आणि शनिवारी मी पुन्हा पीठ फेटलं, या वेळी निर्लज्जपणे, गुणगुणत. दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. मम्मी नवी साडी नेसून बसल्या होत्या. पहिला तुकडा आत्यांच्या हातात देत त्या म्हणाल्या, "हात कोणाचा ते विचारू नका आता. दोन महिने झाले. आपल्या घरी पाळणा हलणार आहे." आत्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला आणि घरच्या ग्रुपवर बातमी लिहायला घेतली.

मी त्यांना थांबवून मम्मींना स्वयंपाकघरात नेऊ शकले असते. तिथे हळूच सांगितलं असतं, दोघी रडलो असतो, मिटलं असतं. पण मला तिथेच सांगायचं होतं, त्याच टेबलाशी, चटणीच्या वाटीसमोर, जिथे त्यांनी माझं सांगितलं होतं.

"आत्या, लिहू नका," मी म्हणाले. "मम्मी, पाळी चालू आहे माझी. आज तिसरा दिवस. मागच्या वेळीही चालूच होती. हे पीठ मी त्याच हातानं फेटलं, आणि तेही. पीठ काही बसलं नाही. तुम्ही तर मिटक्या मारून खाल्लंत."

आत्यांनी हातातला तुकडा बशीत टाकला आणि बशी दूर सारली. नवरा उठून बाल्कनीत गेला. मी मम्मींकडे बघत राहिले. त्या ओरडतील, शिव्या देतील, घर बाटवलं म्हणतील, याची मी वाट पाहत होते. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण बाटल्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. हातातली वडी तशीच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे काहीच नाही का वं?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला आणि डोळे भरून पाहिला. त्यांनी हातातली वडी हळूहळू खाऊन संपवली, बशी स्वतः विसळली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. शनिवारी कडाक्याची थंडी होती. मी पीठ फेटून पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शाल घ्यायला वळले, तर मम्मी मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक लहान गोधडी होती, पाळण्याच्या मापाची. त्यांच्या दोन मऊ सुती साड्या आणि मधोमध माझ्या लग्नातल्या साडीचा तुकडा. टाके बारीक होते. चौथी कड शिवायची राहिली होती आणि दोरा लोंबत होता. दुपारी दार लावून त्या झोपत नव्हत्या.

"शाल आता विरली," त्या म्हणाल्या. "यात गुंडाळत जा. आणि यापुढे तूच फेटत जा वं, दर शनिवारी. दिवस पाहाचं काही कारण नाही आता."

मला जे हवं होतं ते मला मिळालं. त्यानंतर त्या घरात कोणी कधी हात कोणाचा ते विचारलं नाही.

आता आम्ही नागपूरच्याच बेसा भागात राहतो. आत्या नाहीत. मम्मींचे दात गेलेत. त्या ढोकळा चहात बुडवून खातात आणि चांगला झाला म्हणतात. माझीही पाळी आता कधी येते, कधी येत नाही, आणि त्याची नोंद माझ्याशिवाय कोणी ठेवत नाही. थंडी पडली की शनिवारी मी कपाटातून ती गोधडी काढते. चौथी कड मी शिवलेली नाही आणि त्यांनीही नाही. पातेल्याभोवती ती बरोबर एकदा फिरते आणि वर टोकांची गाठ बसते.

मम्मी खुर्चीतून बघत असतात. "नीट गुंडाळ वं," त्या दर वेळी म्हणतात. "गारठा आहे."

मी नीट गुंडाळते.