इंजिनाची चीर आणि उमा कर्णिक

बदलापुरात त्या काळी मोटार दिसली तरी पोरं मागे धावत. त्यात ती चालवणारी बाई, आणि तीही पांढऱ्या कपाळाची. मग काय विचारता! उमा कर्णिकची गाडी कात्रपच्या रस्त्याने धुरळा उडवत निघाली की ओट्यावरची माणसं बोलायची थांबत, आणि गाडी दिसेनाशी झाली की दुप्पट बोलू लागत. उमाला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून वळणावर, गरज नसली तरी, ती भोंगा वाजवायची.

तिचा नवरा श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होता. लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी गाडी त्याने घेतली आणि सुट्टीच्या दिवशी कल्याण कॅम्पातल्या रुंद, ओसाड रस्त्यांवर बायकोला ती चालवायला शिकवली. लष्कर उठून गेलेलं, बराकी रिकाम्या, पाहायला चिटपाखरू नाही. पुढे त्याच बराकींत सिंधमधून उखडून आलेली माणसं राहायला आली. वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, लोकांच्या तोंडी मात्र कॅम्पच राहिलं. आणि मग एका उन्हाळ्यात श्यामकांत विषमज्वराने गेला.

थोरले दीर दिनानाथ घरातले कर्ते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. दिवसकार्य उरकल्यावर ते म्हणाले, "उमा, गाडीला आता गिऱ्हाईक बघतो. दारात उभी राहून गंजेल नुसती."

पण त्याच आठवड्यात शेजारच्या जनीला दिवसा उजेडी कळा सुरू झाल्या, मूल आडवं आलं, आणि कल्याणकडे जाणारी दुपारची आगगाडी तर निघून गेलेली. उमाने पदर खोचला, जनीला मागच्या सीटवर निजवलं आणि थेट कॅम्पातला दवाखाना गाठला. जनी जगली, मूलही जगलं. ही बातमी गावात थांबली नाही, डोंगरापर्यंत गेली. मग कधी पालेगावची, कधी बारवीकडच्या पाड्यावरची अडलेली बाई डोलीतून कर्णिकांच्या दारात येऊ लागली. दिनानाथांचं गिऱ्हाईक बघणं लांबत गेलं, पण थांबलं नाही.

गाडीचं दुखणं उमाच्याच हातून ओढवलं. पालेगावहून परतताना पाण्याची रबरी नळी फुटली, पाणी सांडून गेलं आणि इंजिन भट्टीसारखं तापलं. मागे तिथली अडलेली बाई कण्हत होती. उमाने नळीवर फडकं आवळलं आणि धीर न धरता विहिरीचं गार पाणी घागरीने तसंच ओतलं. तड् असा आवाज झाला. तापल्या तव्यावर पाणी टाकावं तसं. इंजिनाच्या बाजूला, ओतीव लोखंडात, केसाएवढी चीर पडली आणि तिच्यातून पाणी पाझरू लागलं. कशीबशी बाईला दवाखान्यात पोचवून ती घरी आली, पण त्या दिवसापासून गाडी उभी राहिली. पाणी भरावं, मैलभर जावं, की तापमानाचा काटा लालवर.

तिने गाडी ढकलत, थांबवत, पाणी पाजत एकदाची कॅम्पात नेली. तिथे हशमतराय नावाचा सिंधमधल्या सक्खरचा मिस्त्री बराकीपुढे पत्रा टाकून गाड्या दुरुस्त करायचा. त्याने बॉनेट उघडलं, चिरेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"अदी," तो म्हणाला. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. तो तिला तशीच हाक मारायचा. "ये तो गया. ओतीव लोखंडाला झाळ लावली की चीर आणखी पळते. इंजिनाचा हा सांगाडा, म्हणजे ब्लॉक, नवीन विलायतेहून येणार, कधी ते आमच्या झूलेलाल देवाला माहीत. भंगारात दे."

"भंगारात द्यायची असती तर बदलापुरातच दिली असती," उमा म्हणाली. "दुसरं सांग."

पलीकडच्या बराकीत साबण शिजत होता, त्याचा उग्र वास येत होता. तिकडे बोट दाखवून हशमतराय म्हणाला, "साबणवाले सिलिकेट घालतात ना, पाण्यासारखी पातळ काच? ती रेडिएटरमध्ये ओततात काही ड्रायव्हर. इंजिन तापलं की ती चिरेतून बाहेर येते, हवा लागते आणि तिथेच घट्ट होते. पण मी नाही करणार. आज चीर बुजेल, उद्या तीच काच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसेल. मग लोक माझं नाव घेतील. ही दवा नाही, अदी, ही उधारीची तब्येत आहे."

"मला उधारीची चालेल," उमा म्हणाली.

साबणवाल्याकडून तिने डबाभर सिलिकेट घेतलं. मधासारखं दाट, पण बेरंग. दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी उभी करून गरम पाण्यात कालवून तिने ते ओतलं आणि इंजिन चालू केलं. दिनानाथ ओटीवरून बघत होते. थोड्या वेळाने चिरेतून पाणी यायचं थांबलं तर नाहीच, उलट रेडिएटरच्या तोंडाशी दही नासावं तशा पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या.

"झाला तमाशा?" दिनानाथ म्हणाले. "कारखान्यातल्या एका साहेबांशी बोललोय मी. शनिवारी येतायत बघायला. आहे तशी घेणार."

"शनिवार अजून लांब आहे, दादा," उमा म्हणाली. थोरल्या दिरापुढे मान वर करून बोलायची ही तिची पहिलीच वेळ. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

ती पुन्हा हशमतरायकडे गेली. तो हसला नाही. म्हणाला, "विहिरीचं जड पाणी घेतलंस ना? आणि आतला गंज तसाच? मग दवा मळाला धरते, चिरेला नाही. आधी इंजिन धू. मग नदीचं हलकं पाणी वापर. आणि सांगून ठेवतो, माझं नाव कुठे घेऊ नकोस."

उमाने लोखंड लाल पाणी ओकायचं थांबेपर्यंत इंजिन धुतलं. हात कोपरापर्यंत गंजाने माखले, लुगड्याला डाग पडले ते पडलेच. मग उल्हास नदीचं पाणी आणून, गाळून, त्यात सिलिकेट कालवून तिने पुन्हा ओतलं. या वेळी घाई केली नाही. इंजिन हळूहळू तापू दिलं. चिरेवर आधी घामासारखे थेंब आले, मग ते दाट झाले, पांढरट झाले, आणि बघता बघता तिथे काचेची बारीक शिवण उभी राहिली. तिने इंजिन बंद केलं, पाणी काढून टाकलं आणि शिवण वाळेपर्यंत गाडीला हात लावला नाही. कोणाला लावूही दिला नाही.

शनिवारी दुपारी साहेब आले. दिनानाथ त्यांना गाडी दाखवत असतानाच फाटकाशी गलका झाला. बारवीकडच्या पाड्यावरचा सुकऱ्या आणि त्याचे भाऊबंद डोली घेऊन आले होते. डोलीत त्याची बायको चंद्री, ओठ दाताखाली धरून.

"बाय, दोन दिस झालं आडलीय," सुकऱ्या म्हणाला. "सुईनीनं बी हात टेकलं. आता तूच बघ."

उमाने किल्ली घेतली. दिनानाथ गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले.

"उमा, गाडीचा सौदा ठरतोय. आणि ही वाटेत बंद पडली, ती बाई तुझ्या गाडीत गेली, तर गावाला तोंड कसं दाखवशील? कर्णिकांच्या घराला?"

"दारात गेली तर दाखवता येईल का, दादा?"

"मी घरातला मोठा आहे."

"आहात. म्हणून सांगते, पाठीशी उभं राहायचं नसेल तर नका राहू, पण असे पुढे आडवे येऊ नका. बाजूला व्हा." तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने इंजिन चालू केलं. "ही गाडी माझ्या नवऱ्याने मला शिकवली. मी ती विकणार नाही. साहेबांना चहा द्या आणि तसं सांगा."

साहेबच आधी बाजूला झाले. मग दिनानाथ.

अंबरनाथपर्यंत गाडी सुरळीत चालली. त्यानंतर काटा चढू लागला. उमाने उतरून चिरेकडे पाहिलं; शिवण कोरडीठाक होती. हशमतराय म्हणाला तेच झालं होतं. काच रेडिएटरमध्ये बसू लागली होती, पाणी फिरत नव्हतं. मागे चंद्री आता ओरडतही नव्हती. सुकऱ्याचं तोंड उतरलं.

"सुकऱ्या, डबे भरून घे. रेडिएटरच्या जाळीवर बाहेरून ओतत राहा. आत नाही, बाहेरून," उमा म्हणाली. गाडीच्या बाजूच्या पायफळीवर उभा राहून सुकऱ्या एका हाताने धरून, एका हाताने जाळीवर पाणी शिंपत राहिला. ओढा दिसला की डबे भरायचे, पुन्हा निघायचं. वाफेत न्हालेली गाडी विठ्ठलवाडीवरून कॅम्पात शिरली तेव्हा लोक दुतर्फा उभे राहून बघत होते. उमाने भोंगा वाजवला तो दवाखान्याच्या दारात जाईपर्यंत सोडला नाही.

चंद्रीला मुलगी झाली. अशक्त होती, पण रडली. सुकऱ्या भिंतीला टेकून बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

संध्याकाळी उमा हशमतरायकडे गेली. त्याने रेडिएटर बघून कपाळाला हात लावला, "बोललो होतो ना?" म्हणाला, आणि लष्कराच्या मोडीतला एक रेडिएटर शोधून, कापून, सांधून बसवून दिला. चिरेवरच्या काचेला मात्र त्याने हात लावला नाही. "ही टिकली आहे," तो जरा नाखुशीनेच म्हणाला. "हिला छेडू नकोस."

दिनानाथ त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. निरोप पुतण्यांच्या तोंडी यायचे. गावातल्या काही घरांनी हळदीकुंकवाचं तर नव्हतंच, साधं सत्यनारायणाचं बोलावणंही बंद केलं. उमाला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण फाटकाशी डोली आली की ती ताटावरून उठायची, आणि बोलावणं बंद केलेल्या घरांतली सून अडली तेव्हाही तशीच उठली.

चीर दोनदा पुन्हा पाझरली, आणि दोन्ही वेळा तिने इंजिन धुऊन, नदीचं पाणी आणून ती बुजवली. तिसऱ्यांदा मात्र, सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात, ब्लॉक आरपार फुटला. दारातल्या चिंचेखाली गाडी कायमची उभी राहिली. दिनानाथ त्या संध्याकाळी आपण होऊन चिंचेखाली आले. बराच वेळ उघड्या बॉनेटकडे बघत राहिले.

"आता तरी थांबशील?" त्यांनी विचारलं. आवाजात पूर्वीची धार नव्हती.

उमा हात पुसत होती. "हशमतराय म्हणतो, अंबरनाथला एक स्टेशन वॅगन विकायला निघायची आहे. मागे बाई आडवी मावेल एवढी जागा आहे तिच्यात," ती म्हणाली. "उद्या बघायला जाते. तुम्ही येता का?"

दिनानाथ आत निघून गेले. पण सकाळी ती निघाली तेव्हा ते टोपी घालून तिची वाट बघत ओटीवर बसलेले होते.