तेल पडल्यावरचे आकडे

काही विचारलं की काका आधी तळहात उभा धरायचे. "सबर कर बेटा, काटा चालतोय अजून."

काटा म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू दाखवणाऱ्या मीटरचा. परदेशी यंत्रांवरची बंधनं सुटली त्या वर्षांत हैदराबादच्या एका औषध कारखान्यात मी नवी इंजिनिअर होते, ते जुने टेक्निशियन. उंच काचेच्या नळीत खालून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि त्यांतला प्राणवायू पाण्यात किती वेगानं उतरतो ते मोजायचं, हे आमचं काम. आमचं औषध बुरशीपासून व्हायचं, आणि बुरशीलाही श्वास लागतो. काका आधी नायट्रोजन सोडून पाण्यातला प्राणवायू घालवत, मग हवा सुरू करून स्टॉपवॉच दाबत. दर पाच सेकंदांनी ते आकडा बोलत, मी लिहायची.

एकदा एक आकडा हुकला म्हणून मी अंदाजानं भरला. काकांनी नळी रिकामी केली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. "नक्को बेटा. न पाहिलेलं लिहायचं नाही. लोकांच्या पोटात जाणारी दवा आहे." दुपारी मात्र त्यांच्या डब्यातली खट्टी दाल माझ्या भातावर पडलीच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मग बुरशी वाढवायला परदेशातून मोठी टाकी आली. मीटिंगमध्ये काका उभे राहिले.

"साहेब, टाकीवाल्यांचे आकडे साध्या पाण्यातले आहेत. आपण फेस मारायला तेल टाकतो. तेल पडलं की बुडबुडे एकमेकांत मिळून मोठे होतात, प्राणवायू निम्मासुद्धा उतरत नाही. ही हवा पुरायची नाही."

नवे मॅनेजर हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सोबत होतात ना? तुमचं काय मत?"

तेलाचे आकडे मी माझ्या हातानं लिहिले होते. तीनदा. पण नोकरी पक्की व्हायची होती. मी म्हणाले, "पद्धत जुनी आहे, सर. चूक असू शकते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि बाहेर गेले.

पुढच्याच महिन्यात स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत त्यांचं नाव आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला मीटरच्या टोकाचा नाजूक पडदा कसा बदलायचा ते पुन्हा दाखवलं. "हात हलका ठेव." एवढंच बोलले. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही.

नव्या टाकीत बुरशी गुदमरून मरू लागली. बॅचमागून बॅच वाया गेली. शेवटी मी एकटीनं तेल टाकून मोजलं. काकांचाच आकडा आला. मॅनेजर म्हणाले, "बोलवा त्यांना." मॅनेजरांचं पत्र घेऊन मी दिलसुखनगरला काकांच्या घरी गेले.

काकूंनी दार उघडलं. काकांना जाऊन सोळा दिवस झाले होते. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

पत्र इंग्रजीत होतं. काकूंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "काय लिहिलंय?"

"काका बरोबर होते, असं."

"हे तुम्हा लोकांना आता कळलं का गं?"

"नाही काकू. मला तेव्हाच माहीत होतं."

पत्राची नीट घडी घालून काकूंनी ते माझ्या हातात परत दिलं, आणि मी चपला घालेपर्यंत दार धरून उभ्या राहिल्या.