आजोबा बुडाले नव्हते

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामघाटावर नावाड्यांना आजोबांची गोष्ट सांगत होतो. पुरातल्या गंगेत उघडी छत्री धरून ते रामनगरपर्यंत पोहले, परतताना दोन मगरींना हूल दिली, तिसरीनं मात्र... चाळीस वर्षांत एका मगरीच्या तीन झाल्या आहेत. आमच्या दूधविनायक गल्लीतल्या घरात माणूस कशानं गेला हे कुणी विचारत नाही. काशीत गेला, मुक्त झाला, विषय संपला. त्या रिकाम्या जागेत मी मगरी सोडल्या.

अनंता माझा चुलतभाऊ, विद्यापीठात जनुकांचा संशोधक. आमच्या घराण्यात आतड्याचा कॅन्सर येतो, तोही ऐन उमेदीत. माझे वडील गेले, त्याचे गेले, आत्या गेली, मग त्यालाच झाला. माहितीतल्या कुठल्याच जनुकात दोष सापडेना, तेव्हा नवा शोधायला तो घरोघर रक्त आणि मरणाची कारणं गोळा करू लागला. दादा, तुझ्या गप्पांत गंगा उलटी वाहते, म्हणायचा. मी म्हणायचो, काशीत ती तशीही उत्तरेलाच वाहते. तो हसला आणि मगरी वगळून त्यानं वंशावळीत आजोबांपुढे लिहून घेतलं... बुडून मृत्यू. म्हणजे रोग आजीकडून आला, असं धरून चार वर्षं तो केमोच्या मधल्या दिवसांत रेल्वेनं आजीच्या माहेरी, ग्वाल्हेरला जात राहिला. तिथे सगळे ठणठणीत, नव्वदीतही ऊस सोलून खाणारे.

शेवटच्या भेटीत तो पंख्याच्या वाऱ्यानं उडेल असा झाला होता, आणि यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

“दादा, एकदा सच सांग. आजोबा कशानं गेले?”

सांगितलं. सहा महिने पोटात गोळा, शौचावाटे रक्त. मी दहा वर्षांचा होतो, सगळं पाहिलं होतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “म्हणजे आजोबांच्या भावाची नातवंडं... ती पुण्याला,” एवढंच म्हणाला. त्यांचं रक्त घ्यायला पुण्याला जाण्याइतके दिवस त्याच्याकडे उरले नव्हते. आणि हे सगळं कबूल केल्यावरही पंधरा दिवसांनी मी घाटावर मगरीच सांगत होतो.

मणिकर्णिकेवर लोक म्हणाले, मुक्त झाला.

त्याचा वंशावळीचा कागद आता माझ्या टेबलावर असतो. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, रोग झालेल्यांच्या खुणा काळ्या. आजोबांचा चौकोन मीच शाईनं भरला. माझ्या चौकोनात आणि रेवाच्या गोलात त्याच्या हातची पेन्सिलीची प्रश्नचिन्हं आहेत. रेवा माझी मुलगी, एकवीस वर्षांची. परवा कागदावर बोट ठेवून तिनं विचारलं, बाबा, काकाला सापडलं का काही? मी तोंड उघडलं... आणि मला एकही गोष्ट सुचली नाही.